मुलाम्याला भाव किती?

“काका, ह्याचे किती येतील?”

बूट काढायच्या आधी हा प्रश्न. लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेलं एक रिव्हॉल्व्हर ओळखीतल्या एका पोरानं माझ्या जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मी आधी त्याच्यावर ओरडलो. भाव विचारला म्हणून नव्हे, आत गोळ्या आहेत की नाहीत हे त्यानं पाहिलंच नव्हतं म्हणून. नवीन घेतलेल्या जुन्या घराच्या बेसमेंटमध्ये तुळईवर ही वस्तू सापडली. ती त्यानं गाडीतून, शेजारी बायको बसलेली असताना, माझ्याकडे आणली. फोनवर तिची किंमत चारदा शोधली. पण नळीचं तोंड माणसांपासून वळवावं, चापाजवळ बोट नेऊ नये आणि सिलिंडर उघडून एकदा आत डोकवावं, हे काही सुचलं नाही. नशिबानं रिकामं होतं. शंभर वर्षांची काडतुसं म्हातारी झालेली असतात; मेलेलीच असतात असं नाही.

आता माझी ओळख. मी मूळचा प्लेटिंगवाला. भोसरीच्या एमआयडीसीत तीस वर्षं सायकलींच्या हँडलांवर आणि नळाच्या तोट्यांवर निकेल चढवलं, क्रोम चढवलं, आणि त्याच चकाकीवर मुलीला शिकवलं. निवृत्त झाल्यावर तिच्याकडे मॅसॅच्युसेट्समध्ये आलो. गावाचं नाव लिहितात वॉर्सेस्टर, म्हणतात वुस्टर. लिहायचं एक आणि निघायचं दुसरंच, हा ह्या गावाचा जुना खाक्या असावा, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या खिशाखिशात गेलेली स्वस्त, चकचकीत रिव्हॉल्व्हरं ज्या गावांनी बनवली त्यांत हे गाव आघाडीवर होतं. इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारांत मी निकेल बघत फिरायचो. हळूहळू निकेलखालचं लोखंडही बघायला लागलो. इथल्या मराठी मंडळींत बातमी पसरली की काकांना बंदुकांतलं कळतं. तेव्हापासून माझ्या टेबलावर मोजे येतात, टॉवेल येतात, एकदा तर चकलीच्या डब्यातून एक आलं. आणि सगळ्यांचा प्रश्न तोच. हे काय आहे, कुणी केलं, कधी केलं, असं आजवर एकानंही आधी विचारलेलं नाही.

म्हणून आज तोंड उघडतो आहे. जुन्या वस्तूचा भाव विचारणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना ती वस्तू नकोच असते. त्यांना तिच्यावरचा मुलामा हवा असतो. धातूचा असो, नाहीतर गोष्टीचा.

ह्या मुलाम्याची कुंडली मांडायची तर १८६९ सालात जावं लागतं. रोलिन व्हाइट नावाच्या कारागिरानं १८५५मध्ये एक पेटंट घेतलं होतं. सिलिंडरची भोकं आरपार पाडायची, म्हणजे तयार काडतूस मागच्या बाजूनं सरकवता येतं. आज बाळबोध वाटेल, पण तेव्हाचं रिव्हॉल्व्हर पुढून ठासावं लागे. दारू वेगळी, गोळी वेगळी, वर ठिणगीची टोपी वेगळी. स्प्रिंगफील्डच्या स्मिथ आणि वेसन ह्या जोडीनं व्हाइटकडून हा हक्क घेतला. नगामागे त्याला पंचवीस सेंट द्यायचे ठरले. पण करारात एक मेख होती. पेटंटवर कुणी डल्ला मारला तर कोर्टकचेरी व्हाइटनं करायची. डल्ला मारणारे भरपूर निघाले आणि बिचाऱ्याचे पंचवीस-पंचवीस सेंट वकिलांच्या खिशात गेले. एप्रिल १८६९मध्ये पेटंटची मुदत संपली. त्याला दिलासा द्यायचं विधेयक काँग्रेसनं संमत केलं, तर जानेवारी १८७०मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट ह्यांनी ते नाकारलं. रान मोकळं झालं.

आणि त्याच १८६९च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या आयझॅक अ‍ॅडम्स ह्या रसायनतज्ज्ञाला विजेच्या प्रवाहानं निकेल चढवण्याचं पेटंट मिळालं. एप्रिलमध्ये कुलूप निघालं, ऑगस्टमध्ये चमक मिळाली. ह्याला योगायोग म्हणा, मी त्याला मुहूर्त म्हणतो. चांगल्या ब्लूइंगला, म्हणजे त्या निळ्या-काळ्या झिलईला, पोलाद चांगलं लागतं आणि त्यावर पॉलिश करणारा हात त्याहून चांगला लागतो. निकेलचा मुलामा इतकी चौकशी करत नाही. ओतीव लोखंडाची बॉडी, वरवरचं बफिंग, निकेलच्या हौदात डुबकी, आणि वस्तू काचेच्या कपाटात चांदीसारखी दिसायला मोकळी. मुलामा निरुपयोगी होता असं मी म्हणणार नाही, माझंच पोट त्यावर भरलं आहे. खिशातला घाम आणि काळ्या दारूची राख लोखंड खाऊन टाकतात, निकेल त्यांना बराच काळ थोपवतं. पण गिऱ्हाईक त्यासाठी पैसे मोजत नव्हतं. ते चमकेसाठी मोजत होतं.

मग जो तो रिव्हॉल्व्हर करू लागला. दोन-तीन डॉलरला, कधी त्याहूनही कमी किमतीत, लोखंडी सामानाच्या दुकानात खिळ्यांच्या पेटीशेजारी ती विकायला असत. बऱ्याच नगांवर कारखान्याचं नावच नसे. असलीच तर नुसती बारशाची नावं. ‘टेरर’, ‘डिफेंडर’, ‘रॉबिन हूड’, ‘रेड जॅकेट’ आणि माझं लाडकं ‘स्वाम्प एंजल’, म्हणजे दलदलीतला देवदूत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. पुढे १९४८मध्ये डंकन मॅकॉनेल ह्या अभ्यासकानं ह्या सगळ्या जातीला ‘सुइसाइड स्पेशल’ असं नाव दिलं आणि संग्राहकांत ते रुजलं. आत्महत्या-छाप! शंभर वर्षांनी नातवंडं ह्याच मालाला ‘हेअरलूम’ म्हणून मखमलीवर ठेवतात.

असो. आमच्या पोरानं घरून अभ्यास करून आणला होता. “काका, स्मिथ अँड वेसन आहे, १८८७चं, ऑटोमॅटिक.” तीन विधानं, तिन्ही चूक. शाळेत माझ्या हाताखाली असता तर अंगठे धरून उभा केला असता.

स्मिथ अँड वेसन कशावरून? तर नळीच्या बाजूला ‘३८ एस अँड डब्ल्यू’ असं कोरलंय आणि पुढे काडतुसाचा संक्षेप. त्याचा अर्थ एवढाच की ह्यात त्या कंपनीनं रूढ केलेल्या मापाचं काडतूस बसतं. स्टोव्हवर ‘फक्त रॉकेल वापरावे’ असं लिहिलं म्हणून तो स्टोव्ह रॉकेलच्या कंपनीनं केला असं ठरत नाही. पण हा घोटाळा नुसता भोळ्यांचा नाही. स्पेनमधल्या एइबार गावच्या कारखान्यांनी त्यावर धंदा केला. नक्कल करायची, काडतुसाचं नाव ठळक कोरायचं आणि ‘ह्या काडतुसांसाठी’ एवढे शब्द बारीक. गिऱ्हाईक ठळक तेवढंच वाचतं हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळलं होतं.

१८८७ कशावरून? नळीच्या पाठीवर पेटंटच्या तारखा आहेत आणि पहिली १८८७ची आहे. अरे, पेटंटची तारीख म्हणजे वस्तूची जन्मतारीख नव्हे. ती कल्पनेची जन्मतारीख. एकच तारीख वर्षानुवर्षं नव्या मालावर उमटत राहते. आणि ज्या ओळीत तू १८८७ वाचलंस, त्याच ओळीच्या टोकाला भिंगाखाली १८९६ दिसतंय. म्हणजे ही वस्तू १८९६च्या आधीची असूच शकत नाही; नंतरची मात्र कितीही असेल. पोरानं ओळ शेवटपर्यंत वाचली नव्हती. मनाजोगती तारीख सापडल्यावर कोण पुढे वाचतो?

ऑटोमॅटिक कशावरून? नेटवर तसं लिहिलं होतं. त्या काळच्या जाहिरातीत ह्या शब्दाचा अर्थ साधा होता. वरची खिटी उचलायची, नळी पुढे झुकते, सिलिंडरमधून एक चांदणी वर उठते आणि रिकामी काडतुसं आपोआप बाहेर पडतात. बाहेर पडतात ती काडतुसं. गोळ्या दर वेळी चाप ओढूनच सुटतात.

“मग कुणाचं आहे?” त्यानं पडेल आवाजात विचारलं. मला जरा बरं वाटलं. पहिल्यांदाच प्रश्न बरोबर आला होता.

मुठीकडे बघ म्हटलं. कडक रबराच्या मुठीवर नेमबाजीचं लक्ष्य कोरलंय, गोळ्यांच्या भोकांसकट. ही हॅरिंग्टन अँड रिचर्डसनची खूण. गिल्बर्ट हॅरिंग्टननं १८७१मध्ये ह्याच वुस्टरमध्ये एका वेसन भागीदाराबरोबर धंदा मांडला, आणि काही वर्षांत वेसन जाऊन विल्यम रिचर्डसन आला. म्हणजे तुझी वस्तू ज्या गावात बनली त्याच गावातल्या तुळईवर पडून होती. हे मला खरं तर कुठल्याही शेरीफच्या गोष्टीपेक्षा सुरस वाटतं, पण पोराचा चेहरा उतरला. त्याला टेक्सस हवं होतं.

मुठीवर घुबड असतं तर ते आयव्हर जॉन्सनचं. हा नॉर्वेचा माणूस १८६३मध्ये अमेरिकेत आला. १८७१पासून त्यानं मार्टिन बाय ह्या भागीदाराबरोबर वुस्टरमध्ये कारखाना चालवला आणि १८९१मध्ये तो उत्तरेला फिचबर्गला हलवला. आपल्याकडे घुबड घरात शिरलं तर शांत करतात. ह्यानं ते मुठीवर बसवून लाखोंनी विकलं. त्याच्या कंपनीच्या नावातच शस्त्रं आणि सायकली हातात हात घालून होत्या. माझ्या भोसरीच्या दिवसांना हे ऐकून फार बरं वाटलं असतं. पण मूठ हा साक्षीदार एकटा पुरत नाही. एका स्क्रूत मूठ बदलते. म्हणून ती काढून आतली स्प्रिंग बघायची. जॉन्सनच्या १९०९पूर्वीच्या घडणीत चपटी पात्याची स्प्रिंग असते, नंतरच्यात गुंडाळीची. जुनी घडण काळ्या दारूची, नवी धूरविरहित दारूची. हा फरक फक्त संग्राहकांच्या कौतुकाचा नाही. काळ्या दारूच्या लोखंडात आजचं काडतूस घालून ‘चालतंय का बघू’ म्हणणाऱ्यानं आधी आपली बोटं मोजून ठेवावीत.

नाव पूर्ण वाचता आलं तर कधी कधी अर्धं वय तिथंच मिळतं. वुस्टरचेच फोरहँड आणि वॉड्सवर्थ हे इथन अ‍ॅलन ह्या जुन्या बंदूकवाल्याचे जावई. १८७१मध्ये सासरा गेला आणि जावयांनी आपल्या नावाची पाटी लावली. १८९०मध्ये ती बदलून ‘फोरहँड आर्म्स कंपनी’ झाली. तेव्हा नळीवर दोन्ही जावई असले की वस्तू १८७१ ते १८९०च्या दरम्यानची. ह्याला ना यंत्र लागतं ना गुरू. अक्षरं वाचायची तयारी लागते.

आणि इथं कारखान्याचं नावच वाचता येत नव्हतं, कारण कुणीतरी ती अक्षरं घासली होती. आता मी माझ्या मुक्कामाला आलो.

पोराला मी म्हटलं, हे निकेल नाहीच. हे क्रोम आहे. जुन्या निकेलला पिवळसर ऊब असते, गाईच्या तुपासारखी. क्रोमला निळसर गारवा असतो. क्रोमचा मुलामा बाजारात रुळला १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात. म्हणजे आजी-आजोबांच्या काळानंतर कुणीतरी हौशीनं हे बफाला लावलं, अक्षरांच्या कडा गोल केल्या, स्क्रूभोवती बशीसारखे खळगे पाडले, गंजाचे खड्डे तसेच ठेवून त्यांवर नवी चमक ओतली. खड्ड्यात मुलामा चकाकतोय, म्हणजे आधी गंज, मग मुलामा. कारखान्यातून गंजलेला माल निघत नसतो. करायला गेला गणपती आणि झाला मारुती.

स्मिथ अँड वेसनच्या बाबतीत तर चोर पकडणं आणखी सोपं. त्यांच्या निकेलच्या रिव्हॉल्व्हरला चापाभोवतीची कडी ब्लूइंग केलेली असायची, आणि घोडा व चाप कठीण केलेल्या पोलादाचे, ढगाळ रंगछटांचे. घोडा, चाप, कडी सगळंच आरशासारखं लखलखत असेल तर समजा की कुणीतरी नंतर सगळं एकाच हौदात बुडवलंय. पण बाजारात नेमकं तेच आधी उचललं जातं. “किती छान ठेवलंय नाही!” म्हणतात. ठेवलं कुठे? मारलंय.

नॅशनल रायफल असोसिएशननं जुन्या बंदुकांच्या अवस्थेची प्रतवारी घालून दिली आहे. तीत ‘उत्कृष्ट’ म्हणायला मूळ मुलामा ८० टक्क्यांहून अधिक लागतो, ‘उत्तम’ला ३० टक्क्यांहून अधिक. सगळा भार ‘मूळ’ ह्या शब्दावर आहे. म्हणजे नव्या मुलाम्याची शंभर टक्के चमक ही हिशोबात शून्य, आणि पापुद्रे सुटलेलं, खालून तपकिरी लोखंड डोकावणारं चाळीस टक्के खरं निकेल ‘उत्तम’. ब्लूइंग हाताळून विरतं. निकेल पापुद्र्यांनी सुटतं. तो पापुद्रा रोग नाही. ती वयाची सही आहे.

ही गोष्ट लोकांना पटत नाही, कारण आपण पितळेवर वाढलो. कल्हईवाला दारात आला की आई काळी पातेली बाहेर काढायची आणि ती चांदी होऊन परत यायची. घासलं की मोल वाढतं, हा धडा आपल्या हाडात मुरलाय. पण पातेलं रोज वापरायचं असतं, त्यात आंबट शिजवायचं असतं. ज्या वस्तूनं आता काही करायचं नाही, फक्त काय झालं ते सांगायचं आहे, तिला कल्हई लावणं म्हणजे साक्षीदाराच्या तोंडात बोळा कोंबणं.

आता भाव. सांगतो, नाहीतर हा लेख कुणी शेवटपर्यंत वाचायचं नाही.

इथल्या बाजारांत मी पाहतो तो हिशोब असा. हॅरिंग्टन, जॉन्सन, हॉपकिन्स अँड अ‍ॅलन ह्या कंपन्यांचं साधं, चालतं, मूळ निकेलचं बरंसं रिव्हॉल्व्हर शंभर-दीडशे डॉलरला हात बदलतं. स्मिथ अँड वेसनचं त्याच जातीचं असेल तर त्याच्या दुप्पट, क्वचित अधिक. लखलखीत क्रोम केलेलं शंभराच्या खाली. पोरानं फोनवर पाहिला होता तो आकडा बाराशे. मी विचारलं, बाराशेला विकलं गेलं, की बाराशे मागितले होते? मागायला कुणाच्या बापाचं काय जातं! मीही माझ्या टकलाचे बाराशे मागू शकतो. भाव म्हणजे झालेल्या सौद्याचा आकडा. बाकीची नुसती इच्छा.

“पण दुर्मीळ आहे ना?” हा पुढचा हुकमी सवाल. ह्या गटातलं दुर्मीळ काय सांगू? स्मिथ अँड वेसननं ०.३८ चं डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर १८८०पासून तीस-एक वर्षांत साडेपाच लाखांच्या आसपास बनवलं. लाखांनी बनलेली वस्तू दुर्मीळ नसते, ती फक्त जुनी असते. उलट काही बारशाच्या नावांची ‘सुइसाइड स्पेशल’ खरंच क्वचित दिसतात, आणि तरी त्यांना कुणी विचारत नाही. दुर्मीळपणाला दुसऱ्या बाजूला हवं असणारा माणूस लागतो. नॉर्म फ्लेडरमन ह्यांचं अमेरिकी जुन्या बंदुकांवरचं जाडजूड मार्गदर्शक पहिल्यांदा १९७७मध्ये आलं. ते उघडलं की अर्ध्या तासात माणसाचा अहंकार जागेवर येतो. म्हणूनच ते कुणी उघडत नाही.

कागद असला तर गोष्ट वेगळी. स्मिथ अँड वेसनच्या जुन्या वह्या टिकल्या आहेत. त्यांची ऐतिहासिक संस्था शुल्क घेऊन अमुक क्रमांकाचं रिव्हॉल्व्हर कोणत्या तारखेला कोणत्या व्यापाऱ्याकडे रवाना झालं, मुलामा कोणता होता, हे लेखी देते. मूळ पुठ्ठ्याचा डबा असला तर कधी कधी डबाच आतल्या लोखंडापेक्षा भाव खातो. पण कागद मागितला की घरोघरचे चेहरे आंबट होतात. “आमच्या आधीच्या मालकाचे पणजोबा शेरीफ होते म्हणे.” हे ‘म्हणे’ किती डॉलरला विकायचं?

गोष्टीला मोल येतं कधी, ते बफेलोला जाऊन बघावं. ६ सप्टेंबर १९०१ रोजी तिथल्या पॅन-अमेरिकन प्रदर्शनात लिऑन चोल्गोशनं हातरुमालात लपवलेल्या ०.३२ च्या आयव्हर जॉन्सननं राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली ह्यांना दोन गोळ्या घातल्या. आठ दिवसांनी ते गेले. रिव्हॉल्व्हर त्यानं त्याच गावात साडेचार डॉलरला घेतलं होतं. आज ते बफेलोच्या इतिहास संग्रहालयात आहे. त्याच कारखान्याची, त्याच मापाची भावंडं बाजारात शंभर डॉलरला मिळतात. लोखंडात काही फरक नाही. फरक पोलीस पंचनाम्याचा, खटल्याच्या कागदांचा आणि वस्तू हातातून हातात गेल्याच्या नोंदीचा. त्याआधी १८८१मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड ह्यांना मारणारा गिटो तर दुकानात लाकडी मूठ घ्यावी की हस्तिदंती, ह्यावर अडला होता, कारण पुढे संग्रहालयात कोणती शोभेल ही त्याला चिंता! ते रिव्हॉल्व्हर पुढे हरवलं. मुलाम्याची इतकी काळजी करणाऱ्याच्या नशिबी काचेचं कपाटही टिकलं नाही.

आणखी एक मुलामा कायद्याचा. १९६८च्या अमेरिकी संघराज्याच्या कायद्यानं १८९८ अखेरपर्यंत बनलेली बंदूक ‘अँटिक’ ठरते आणि तिच्या खरेदी-विक्रीवरची बरीच बंधनं गळतात. राज्यांचे नियम वेगळे. एका वर्षाच्या फरकानं गिऱ्हाईक वाढतं, म्हणून विक्रेत्याच्या तोंडी प्रत्येक वस्तू १८९८च्या आत बसते. पुरावा काय? नळीवरची पेटंटची तारीख! अडाणीपणा आणि लबाडी एकाच ओळीवर बोट ठेवतात. फरक एवढाच की एक त्यातून गमावतो आणि दुसरा कमावतो.

एवढं बोलणं चाललेलं असताना पोराच्या वडिलांचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. त्यांना ते कोथरूडच्या दिवाणखान्यात, तलवारीखाली टांगायचं होतं. मी म्हटलं, अहो, इकडे ते शंभराच्या खालचं लोखंड आहे, तिकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली पोलीस चौकी आहे. पोराच्या सामानात सापडलं तर मुलाचं करिअर टांगाल भिंतीवर. ते म्हणाले, “पण चमकतं छान हो!” फोन मीच बंद केला.

ह्या चमकेखाली होतं काय, तेही सांगून टाकतो. ना काउबॉय, ना घोडा, ना सूर्यास्त. ही रिव्हॉल्व्हरं बहुतेक उशीखाली, गल्ल्याखाली आणि ड्रॉवरमध्ये आयुष्य काढत. विकली जायची ती भीती, हप्त्याहप्त्यानं. विसाव्या शतकाच्या आरंभी आयव्हर जॉन्सनच्या जाहिराती सांगत की आमच्या घोड्यावर खुशाल हातोडा मारा, गोळी सुटणार नाही. यंत्रणा खरोखर चांगली होती, ते श्रेय देतो. पण त्याच कंपनीच्या एका जाहिरातीत रात्रीच्या झग्यातली चिमुरडी अंथरुणात बसून रिव्हॉल्व्हरशी खेळते आहे, आणि ते आपल्याला इजा करणार नाही असं बाबांनी सांगितलंय, असा तिचा निर्वाळा खाली छापला आहे. ह्या वस्तूची खरी वंशावळ ही. हिच्यासाठी शेरीफ पणजोबा शोधून काढायची गरज आहे, ह्यातच सगळं आलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा फार शहाणा. तर ऐका.

वुस्टरला आलो त्या पहिल्या वर्षी शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या गृहस्थांनी मला त्यांच्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर दाखवलं. फोरहँड अँड वॉड्सवर्थ, पाच गोळ्यांचं, निम्मं निकेल उडालेलं. मला तेव्हा बंदुकांतलं काही कळत नव्हतं, निकेलमधलं मात्र सगळं कळत होतं. हात शिवशिवले. म्हटलं, द्या, नवं करून देतो. लेकीच्या गॅरेजमध्ये लहानसा बफ लावला, बादलीत हौद केला, आणि तीन दिवस असं काम केलं की भोसरीच्या इन्स्पेक्टरनं डोळे मिटून पास केलं असतं. म्हातारबुवा गहिवरले. मला अ‍ॅपल पाय दिला.

काम सुरू करण्याआधी मी सवयीनं फोटो काढून ठेवले होते. पुढे दोन-एक वर्षांनी, भिंग वापरायला शिकल्यावर, ते सहज मोठे करून पाहिले. मुठीच्या मागच्या पट्टीवर, जिथं मला नुसते ओरखडे दिसले होते, तिथं कुणीतरी खिळ्यानं तीन अक्षरं कोरली होती. वाकडी, एकाखाली एक. आजोबांच्या नावाची आद्याक्षरं असतील. बायकोच्या नावाची असतील. त्या वस्तूपाशी होता तो एकमेव कागद तेवढाच, आणि मी तो दोनशे चाळीस ग्रिटनं पुसून टाकला. फोटोतही पहिलं अक्षर काय आहे ते लागत नाही.

त्यांना मी हे सांगितलेलं नाही. दर ४ जुलैला ते पाहुण्यांसमोर ती पेटी उघडतात, “बघा, अगदी काल घेतल्यासारखं,” म्हणतात आणि माझ्याकडे बोट दाखवतात. पाहुणे मान डोलावतात. मग कुणीतरी विचारतंच, ह्याचे किती येतील.